बसऱ्याचं दादा

रविवार, रात्री उशिरा

आज गावी गेलो होतो. चावडीच्या भिंतीतल्या त्या संगमरवरी दगडावर कुणीतरी ऑइल पेंट मारून टाकलाय, अक्षरं बुजलीत, नख लावून खरवडलं तेव्हा १९१४-१९१९ एवढं दिसलं. लहानपणी त्याच्याखाली गोट्या खेळायचो. त्यावर लिहिलंय की या गावातनं इतके लोक महायुद्धाला गेले आणि त्यातले इतके मेले. बास. नाव एकाचंही नाही.

आपल्याकडं असले दगड कितीतरी गावांत आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी तर सगळ्यांना माहितीय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आमची माणसं गेली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आत्ताच्या इराकमध्ये. कुत शहराला तुर्कांनी वेढा घातला तेव्हा आत पुणे डिव्हिजन होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या, डिसेंबर १९१५ पासून उपाशीतापाशी लढले आणि २९ एप्रिल १९१६ ला शेवटी शरण जावं लागलं. तिकडं बसऱ्याला इंग्रजांनी मोठं स्मारक बांधलं, त्यावर ऑफिसरांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीप्रमाणं नुसता आकडा टाकला. हे वाचलं तेव्हा मला लय राग आला होता. स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ ला माफी मागितली, पण तोवर शंभर वर्षं गेली की.

आपले पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले, त्यांचं नाव आज जिल्ह्यातल्या पोराटोरांना माहितीय, आणि तसंच पाहिजे. मग त्या दगडातल्या माणसांनी काय कमी दिलं?

जेवताना आज्जीला विचारलं, आपल्या घरातनं जे गेले त्यांचं नाव काय गं? तिच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ ते, लग्न व्हायच्या आधीच गेले. आज्जी म्हणली, "आरं मामंजी त्यास्नी बसऱ्याचं दादा म्हनायचं, आन आमी सुना, आमी थोरल्यांचं नाव कशाला इचारतोय?" मग बराच वेळ गप्प बसली. म्हणली, "पितरांत एक पान त्यांचं असायचं, एवढं म्हाईत हाय."

म्हणजे दगडावर नाव नाही ते नाहीच, घरातनंसुद्धा पुसलं गेलं. माझ्या घशाखाली घास उतरंना.

आत्ता पडल्या पडल्या सुचलं, ते वारले तेव्हा जमिनीला वारस लागले असणार, म्हणजे जुन्या फेरफारात नोंद पाहिजे. मोडीत असंल. मोडी वाचणारा एक मित्र आहे, त्याला मेसेज टाकलाय. मंगळवारी सुट्टी काढून तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जातो. आणि येताना पेंट काढायला थिनर आणायचाय.