आधी ‘साप चावला’ शोधा

आरोग्याची कुठलीही वेबसाइट दाखवली की मी मुख्यपान बघत बसत नाही. सरळ शोधायच्या चौकटीत ‘साप चावला’ असं टाइप करते. ‘सर्पदंश’ नाही, ‘साप चावला’. घाबरलेला माणूस हेच टाइप करणार. कोकणातला असेल तर कदाचित ‘कांडर चावली’ म्हणेल, कारण मण्यारीला आमच्याकडे कांडर म्हणतात. यावर ‘काहीही आढळले नाही’ असं उत्तर आलं, तर त्या साइटचं बाकीचं कौतुक मला सांगू नये.

माझा भाचा पुण्यात वेबसाइटी बनवतो. सध्या एका संस्थेसाठी मराठीतून आरोग्याची माहिती देणारी साइट करतोय. “मावशी, तुझी सगळी नोकरी पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, जरा नजर टाक ना,” म्हणाला. मी औषध निर्माण अधिकारी होते, डॉक्टर नव्हे; पण साप चावलेला माणूस रिक्षातून उतरवताना नातेवाईक काय काय करून आलेले असतात, ते खिडकीतून भरपूर पाहिलंय. वर बांधलेली सुतळी, ब्लेडने मारलेले काप, त्यावर हळद.

भाच्याने सोबत एक तक्ता पाठवला होता. डिसर्न नावाची प्रश्नावली, ऑक्सफर्डमध्ये १९९० च्या दशकात तयार झालेली. सोळा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. माहिती कुठून घेतली, कधीची आहे, उपचाराचे फायदे-धोके दिलेत का, उपचारच घेतले नाहीत तर काय होईल, असं सगळं विचारते. प्रश्न चांगले आहेत. पण दिलेली माहिती वैद्यकीयदृष्ट्या खरी की खोटी, हे ती तपासत नाही. तो तिचा हेतूच नाही. म्हणजे ‘दंशाच्या वर दोरी आवळा’ असं लिहिलेलं पानही, संदर्भ आणि तारीख नीट दिली तर, बऱ्या गुणांनी पास व्हायचं.

भाच्याच्या पानावर दोरी आवळायला सांगितलेलं नव्हतं, हे आधी सांगते. मजकूर बऱ्यापैकी होता. घोळ मांडणीत होता. ‘हे करू नका’ असा मोठा लाल मथळा, आणि खाली यादी: जखम कापणे, रक्त चोखणे, दोरी बांधणे, बर्फ लावणे. लॅपटॉपवर छान दिसतं. मी ते माझ्या फोनवर उघडलं, अक्षर मोठं केलं आणि अंगठ्याने जरा वर सरकवलं. मथळा गेला वर निघून. उरलं काय? जखम कापणे, रक्त चोखणे, दोरी बांधणे, बर्फ लावणे. घाईत वाचणाऱ्याला या सूचनाच वाटणार. शिवाय कुणीतरी एवढाच तुकडा कॉपी करून गावाच्या ग्रुपवर टाकणार. मी भाच्याला म्हटलं, प्रत्येक ओळीत नकार लिही. जखम कापू नका. रक्त चोखू नका. तेच तेच वाटू दे.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर. एका परिच्छेदात दंश झालेल्या हाता-पायाला खालपासून वरपर्यंत घट्ट पट्टी गुंडाळायला सांगितलं होतं. हे ऑस्ट्रेलियातलं. तिथले विषारी साप नाग-मण्यारीच्या कुळातले, आणि त्यांच्यासाठी ती पद्धत तिथे शिकवतात. आमच्याकडे फुरसं आणि घोणसही आहेत. त्यांच्या विषाने जागेवरच सूज येते, मांस सडतं. तिथे करकचून पट्टी बांधली की विष कोंडून नुकसान वाढायचं. लिहिणाऱ्या मुलीने इंग्रजी पान बघून प्रामाणिकपणे लिहिलं होतं; ते पान कुठल्या देशातल्या सापांसाठी आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग फोटो. मण्यार म्हणून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा साप टाकला होता. तो पट्टेरी मण्यार, कोकणात कुणाला दिसणार? आपली साधी मण्यार काळसर, अंगावर बारीक पांढरे पट्टे, आणि बिनविषारी कवड्या साप दिसायला तिच्यासारखाच, फसवा. मी तर म्हणते, या पानावर फोटोच नकोत. लोक साप जुळवत बसतात, वेळ जातो. आपल्याकडे मिळणारं एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे, आणि डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. साप मारून पिशवीत घालून आणायची काही गरज नाही.

मात्र ‘दाताच्या खुणा दिसत नसतील तर घाबरू नका’ हे वाक्य मी हट्टाने काढायला लावलं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, खुणा शोधून सापडत नाहीत. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या जड होतात. घरचे म्हणतात ॲसिडिटी. त्या जागी आता लिहिलंय: खूण नसली तरी, पापण्या मिटायला लागल्या किंवा बोलणं जड झालं तर ताबडतोब दवाखाना.

बाकी किरकोळ. १०८ हा आकडा चित्रात होता, तो आता दाबला की फोन लागतो. फिकट राखाडी अक्षरं काळी झाली. पान वाडीतल्या अर्ध्या दांडीच्या नेटवर्कवरही उघडतं, हे त्याचं खरंच कौतुक. तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि तारीख तळाशी होती, ती वर आणायला सांगितली आहे. त्यावर अजून चर्चा चालू आहे म्हणे.

मुख्यपानावरचं सरकतं चित्र काही हटलं नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो त्यात आहे. सर्पदंशाच्या पानावर तो येणार नाही, एवढं मात्र भाच्याकडून कबूल करून घेतलंय.