खारी हवा आणि रॅम

कॉम्प्युटरवर दर वेळी वेगळाच प्रोग्राम बंद पडत असेल, तर विंडोज परत टाकायच्या आधी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, तपासा, हे मी देवगडात ज्याला त्याला सांगतो. आमच्याकडे भर हंगामात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब मधेच गायब व्हायचा. मग ब्राउझर, मग साधा फोटो बघायचा प्रोग्राम. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सगळीकडे एकच नोंद: अॅक्सेस व्हायोलेशन, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत भलत्याच जागी हात घातला. ती एकाच प्रोग्रामला येत असेल तर दोष बहुधा त्या प्रोग्रामचा. सगळ्यांनाच यायला लागली की संशय रॅमवर.

रॅम तपासायला विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहे, पण माझा भरवसा मेमटेस्ट८६ या प्रोग्रामवर. पेन ड्राइव्हवरून चालू करायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. एकही एरर आला तरी तो खपवून घ्यायचा नाही. खराब रॅम फाईलसुद्धा गुपचूप बिघडवते, म्हणून आधी बॅकअप घ्या. त्यानंतर रॅमची एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा.

आमची एक पट्टी एरर देत होती. बाहेर काढली तर सोनेरी दातांवर काळपट डाग. खिडकीतून समुद्र दिसतो, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली, पूर्ण सुकू दिली, खटकन बसेपर्यंत दाबली. पुढची टेस्ट स्वच्छ!

पुसूनही एरर राहिला तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पाहा. तरीही राहिलाच तर पट्टी बदला. बऱ्याच ब्रँडच्या रॅमला लांब मुदतीची वॉरंटी असते, बिल शोधा.