टायमिंग बेल्टच्या बिलात नेमकं काय असतं?

टायमिंग बेल्टचं इस्टिमेट हातात पडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. एका रबरी पट्ट्याला एवढे पैसे? हा पट्टा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडून दोघांची वेळ जुळवतो. पट्टा तसा स्वस्तच, पैसे जातात त्याच्यापर्यंत पोहोचण्यात. इंजिन आडवं बसवलेलं असेल तर एका बाजूचं चाक, त्याच्या आतलं प्लास्टिकचं आवरण, अल्टरनेटरचा बाहेरचा बेल्ट, क्रँक पुली, टायमिंग कव्हर आणि बऱ्याच गाड्यांत त्या बाजूचं इंजिन माउंटिंगही काढावं लागतं. माउंटिंग सोडण्याआधी इंजिनाखाली जॅक लावून, मध्ये लाकडी फळी ठेवून वजन पेलावं लागतं. साध्या चार सिलिंडरला तीन-चार तास पुरतात, दाटीवाटीच्या व्ही-६ ला (व्ही आकारातले सहा सिलिंडर) अख्खा दिवस जाऊ शकतो. मजुरी तासांवर, म्हणून दोन गाड्यांच्या बिलांची तुलना करून काही हाती लागत नाही.

यावरूनच पुढचा हिशेब सुटतो. एवढं सगळं उघडलंच आहे तर आतलं जे जे त्याच वयाचं आहे, ते त्याच मजुरीत बदलून घ्यायचं. निदान टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) तरी. किटमध्ये ते येतातच. ‘नुसता बेल्ट टाका’ हा सल्ला ऐकू नये, कारण जुन्या आयडलरचं बेअरिंग जाम झालं की नवा कोरा बेल्टही त्यावर घासून तुटतो. काढलेले पार्ट मागून घ्या आणि आयडलर बोटानं फिरवून बघा. खरखर लागली किंवा तो आत ग्रीस नसल्यासारखा सुसाट फिरत राहिला, तर त्याचा शेवट जवळ आला होता असं समजा.

वॉटर पंपाचं मात्र इंजिन बघून ठरवावं. तो टायमिंग बेल्टवरच फिरत असेल तर बदलाच, सोबत नवं कूलंटही आलं. बाहेरच्या बेल्टवर असेल आणि गळत नसेल, तर बिलात त्याचं काही काम नाही. कॅम आणि क्रँकचे ऑइल सील ओले दिसले तर तेही बदलावेत. तेलानं साधा बेल्ट फुगतो, मऊ पडतो आणि त्याचे दात सुटतात. काही बोल्ट एकदा ताणून कसायचे असतात, ते पुन्हा वापरत नाहीत. इस्टिमेटमध्ये नवे बोल्ट दिसले तर ती लूट नव्हे.

बसवताना चुका होतात त्या बहुतेक घाईच्या. पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे त्याचा पिस्टन सर्वात वर असतो त्या जागी, आणून कॅम-क्रँक लॉक करायचे. ही लॉकिंग पिन टायमिंग धरण्यापुरतीच असते. तिच्या जोरावर क्रँकचा बोल्ट सोडायला गेलं की पिन वाकते आणि टायमिंगही हलतं. बेल्ट क्रँकपासून चढवायचा, ताणाची बाजू घट्ट ठेवायची आणि ढिलाई टेन्शनरच्या बाजूला सोडायची. इंजिन थंड असताना टेन्शनरचा काटा खाचेसमोर आणायचा. मग क्रँक हातानं, पान्यानं, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनंच पूर्ण दोन फेरे फिरवायचा, म्हणजे कॅमचा एक फेरा होतो. पुल्यांवरच्या टायमिंगच्या खुणा आणि काटा पुन्हा तपासायचे. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर एका दाताची चूक म्हणजे १८ अंशांचा फरक. तेवढ्यानं आयडलिंग बिघडतं, ताकद जाते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. बेल्ट फार ताणला तर घूं-घूं आवाज येतो आणि पंपाचं बेअरिंग लवकर जातं.

कधी बदलायचा, हे कंपनीचं मॅन्युअल सांगेल. साधारण ६०,००० ते १,५०,००० किलोमीटर असा पल्ला असतो, पण सोबत वर्षांचीही मर्यादा दिलेली असते आणि नेमकी तीच विसरली जाते. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. कव्हर उचलून ‘चांगला दिसतोय’ म्हणण्यात अर्थ नाही. आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या थकलेल्या वरून दिसत नाहीत.

बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बिलाचा आकडा वेगळाच होतो. बहुतेक डिझेल आणि बरीच पेट्रोल इंजिनं इंटरफिअरन्स प्रकारची असतात, म्हणजे टायमिंग चुकलं तर पिस्टन उघड्या वॉल्व्हना धडकतो अशी. कॅम थांबतो, पिस्टन येतच राहतात आणि उघडे वॉल्व्ह वाकतात. मग हेड (वॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवणं, वॉल्व्ह, हेड गॅस्केट, हेड बोल्ट, हेडचं मशीनिंग. नशीब वाईट असेल तर पिस्टनही. अशा वेळी स्टार्टर पुन्हा मारून बघू नये. हेड उतरवायचं ठरवण्याआधी खुणा जुळवून लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून गळती बघणं) करून घ्यावी. कोणत्या सिलिंडरचे वॉल्व्ह गेले ते त्यातून कळतं.

काही नव्या इंजिनांत बेल्ट तेलातच फिरतो. तिथे ठरवून दिलेल्या स्पेकचंच ऑइल हवं. चुकीच्या ऑइलनं, किंवा ऑइल वेळेवर न बदलल्यानं, बेल्टचा चुरा सुटतो, ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि बेल्ट तुटण्याआधीच ऑइल प्रेशर जातं.

सेकंडहँड गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल किंवा इंजिनवर तारीख-किलोमीटरचं स्टिकर नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा आणि पूर्ण किटसह मजुरीची रक्कम किमतीतून कमी करून मागा.