पानांची शिवण

परवा दुपारी सदऱ्याचे तुटलेले बटण लावायला बसलो, आणि सुईच्या नेढ्यातून दोरा काही केल्या जाईना. टोक ओठांत धरून ओले केले, चिमटीत पिळले, एक डोळा मिटून पाहिले, तरी प्रत्येक खेपेस एक चुकार तंतू बाहेरच राही. अशा वेळी येशूच्या वचनातले सुईचे नेढे आणि उंट आठवायचे, पण मला आठवली ती पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, पहिली शिवण. निषिद्ध फळ खाऊन झाल्यावर आदाम आणि हव्वा यांचे डोळे उघडले, आणि त्या उघडलेल्या डोळ्यांनी त्यांनी सर्वांत आधी केले ते शिवणकाम: आपला उघडेपणा झाकायला पाने शिवली. चित्रकारांनी पिढ्यानपिढ्या त्यांच्या हाती सफरचंद दिले असले, तरी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात त्या फळाचे नाव नाही. झाडाची जात सांगितली आहे ती एका अंजिराची, आणि तीही पानांपुरती. सुई कुठली आणि दोरा कुठला, ही माझी लहानपणापासूनची शंका मात्र तशीच आहे.

या शंकेला कारण आहे. सातआठ वर्षांचा असताना, जिथे जायचे नाही असे बजावले होते नेमक्या त्याच कुंपणावरून उडी मारताना माझ्या नव्या सदऱ्याची बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटली. मी ती डिंकाने चिकटवली. डिंक वाळेपर्यंत दुरुस्ती इतकी बेमालूम वाटली, की मला स्वतःचे कौतुक वाटले. वाळल्यावर बाही पुठ्ठ्यासारखी ताठ झाली, आणि हात दुमडताच कर्र असा आवाज करून पहिल्यापेक्षा जास्त फाटली. मग सदरा कपाटाच्या तळाशी गेला. दोन दिवसांनी आजीने विचारले, ‘तुझा सदरा कुठे आहे?’ आज कळते, की सदरा कुठे आहे हे तिला पक्के ठाऊक होते. मी क्षणाचाही विलंब न लावता धाकट्या भावाकडे बोट दाखवले.

बागेतल्या संध्याकाळी झाडांमागे लपलेल्या आदामाला देवाने विचारलेला प्रश्न असाच होता: ‘तू कोठे आहेस?’ ज्याने झाडे लावली, त्याला झाडामागचा माणूस दिसत नव्हता असे थोडेच आहे! पण आदामाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. तू मला दिलेल्या स्त्रीने फळ दिले, असे तो म्हणतो, म्हणजे एका वाक्यात बायकोवरही ढकलतो आणि देवावरही. हव्वा सापाकडे बोट दाखवते. साप बिचारा गप्प, कारण त्याच्यामागे कोणी उरलेले नव्हते. सबंध अध्यायात ‘माझे चुकले’ एवढे दोन शब्द कोणाच्याही तोंडून निघत नाहीत. मूळ पाप, म्हणजे आदामापासून सगळ्या माणसांकडे आलेले पाप, या विषयावर धर्मपंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. मला त्यातले थोडेच उमगले, पण या दोन न उच्चारलेल्या शब्दांची ओळख करून द्यावी लागली नाही.

आणि तरीही, शिक्षा सांगून झाल्यावर आणि बागेतून घालवून देण्याआधी, मध्ये एक छोटेसे वचन येते: देवाने त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे केली आणि ती त्यांना घातली. हिब्रू भाषेत इथे दोन वेगळे शब्द आहेत. माणसाने पानांचे केले ते कमरेपुरते वेष्टन, देवाने केला तो अंगभर झगा. चामडे आले म्हणजे कोणाचा तरी जीव गेला, असे सांगून अनेक भाष्यकार या वचनातून थेट येशूच्या वधस्तंभापर्यंत पोहोचतात. मला मात्र त्या शेवटच्या क्रियापदाशी थांबावेसे वाटते. वस्त्रे नुसती पुढे टाकली नाहीत, घातली. ज्यांनी अजून क्षमाही मागितलेली नव्हती, त्यांना. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे प्रेषित पौल रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांस, पत्रात लिहितो, ते वाचताना मला हेच वचन आठवते.

आजीने त्या रात्री बाही कोमट पाण्यात भिजवली, नखाने डिंक खरवडून काढला आणि ठिगळ लावले. ठिगळाचे कापड तिने आपल्याच एका धडक्या कपड्यातून कापले होते, हे मला फार उशिरा कळले. तिला देवाच्या जागी बसवण्याचा माझा विचार नाही. दोन दिवस तिने अबोला धरला होता आणि भावाची माफीही मागायला लावली होती. पण ते सगळे ठिगळ लावून झाल्यानंतर.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातही क्रम असाच काहीसा आहे. बापाकडून घेतलेली संपत्ती उधळून घरी परतणारा मुलगा वाटेने कबुलीजबाब घोकत येतो, पण मला मोलकरी करून ठेवा हे त्यातले शेवटचे वाक्य बाप बोलूच देत नाही. उत्तम झगा आणा, म्हणून चाकरांना हाक मारतो. विश्वास म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मला एवढेच सुचते, की त्या मुलाने त्या क्षणी हात वर करून झगा अंगात घालू दिला. ऐकायला सोपे वाटते. पण दुसऱ्याने आपल्याला कपडा घालायचा म्हणजे आपण स्वस्थ उभे राहायचे, आणि माझा हात अजूनही आधी डिंकाच्या बाटलीकडे जातो.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, येशूच्या अंगरख्याला शिवण नव्हती, तो वरपासून खालपर्यंत सलग विणलेला होता. त्याला वधस्तंभावर खिळणाऱ्या शिपायांनी त्याची बाकीची वस्त्रे चार वाट्यांत वाटून घेतली, अंगरखा फाडण्याऐवजी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याने दुसऱ्यांची लाज झाकली तो स्वतः उघडा टांगलेला राहिला.

दोरा अखेर ओवला गेला. बटण लागले, पण काजापासून बोटभर खाली. उसवून पुन्हा लावायचा कंटाळा आला, तेव्हा दोरा दातांनीच तोडला, जे आजीला अजिबात खपत नसे.