नॉझल घेऊन गेलो, तर म्हणे पंप आणा

डिझेल गाडीची कुठलीही तक्रार घेऊन पंपवाल्याकडे, म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल पाठवणारा पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जा, उत्तर ठरलेलं असतं. काळा धूर? पंप खोला. पांढरा धूर? पंप खोला. सकाळी सेल (स्टार्टर) जास्त घेते? आधी पंप काढून आणा, मग बघू. माझी पिकअप जुनी आहे, साध्या इनलाइन पंपाची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पंपाचा वेगळा भाग (एलिमेंट) असलेली. कॉमन रेल, म्हणजे नव्या गाड्यांची खूप जास्त दाबाची पद्धत, नाही, सेन्सर नाही. मखमलाबादहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला जाते आणि रिकामी परत येते. तिचा पंप आजही कंपनीच्या सीलसकट जागेवर आहे. तो तिथेच राहावा म्हणून जो दिवस घालवावा लागला, त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

तक्रारी दोन होत्या. थंडी सुरू झाल्यावर सकाळी गाडी सुरू व्हायची, दहा-वीस सेकंद चालायची आणि बंद पडायची. मग सेलवर सेल, पांढऱ्या धुराचे लोट, आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या लागायच्या. दुसरी तक्रार कसारा घाटाची. रिकामी गाडी चढतानाही एक सिलिंडर मिस मारल्यासारखं (पेट न घेतल्यासारखं) धडधडायचं, मागे काळा धूर. आमच्या मिस्तरींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, हे दोन वेगवेगळे आजार असतील, एकाच्या माथी मारू नका." तेच खरं निघालं.

घाटातल्या मिसिंगचा तपास घरीच झाला. इंजिन स्लोवर ठेवायचं आणि नॉझलला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाला, जाणाऱ्या पाईपचा नट एकेक करून अर्धा आटा ढिला करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिनाचा आवाज लगेच पडतो. तीन नंबरला काहीच फरक पडला नाही, म्हणजे ते सिलिंडर आधीच काम करत नव्हतं. (हा प्रयोग कॉमन रेलच्या गाडीवर अजिबात करू नका. तिथे पाईपमध्ये दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, डिझेल कातडी फोडून आत शिरतं आणि मग बोट वाचवायला ऑपरेशन लागतं. साध्या पंपालासुद्धा तोंड आणि हात लांबच ठेवायचे.) नंतर तीनचं नॉझल एकला लावलं, एकचं तीनला. मिसिंग एक नंबरला गेलं. दोष नॉझलबरोबर फिरला, पंपाचं एलिमेंट दोषी असतं तर मिसिंग तीनवरच राहिलं असतं. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

तर हा पुरावा आणि चारही नॉझल स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, प्रत्येकीवर नंबर टाकून, मी सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात. दुकान कुठलं ते सांगत नाही. काउंटरवरच्या माणसाने पिशव्यांकडे बघितलंही नाही. "पंप कुठंय?" म्हटलं, पंप नाही आणला, फक्त नॉझल टेस्ट करायचेत. "नुसत्या नॉझलवर काय कळणार, शेठ? पंपासकट आणा, कॅलिब्रेशन करून देतो." मी अदलाबदल केल्याचं सांगितलं. तो ऐकून घेतोय असं वाटलं, तेवढ्यात फोन आला आणि तो बाहेर गेला.

टेस्टर चालवणारा पोरगा अकरानंतर आला. आल्याबरोबर एका ट्रकचा पंप बेंचवर चढला. मग लाईट गेली. नॉझल टेस्टरला लाईट लागत नाही हो, तो हाताच्या दांड्याने चालतो! हे मी म्हटल्यावर पोरगा हसला आणि म्हणाला, "शेठ जेवून आले की सांगतील." शेठ जेवून आले आणि पिशवी न उघडता म्हणाले, "चारही गेलेत. नवीन टाका. आणि पंप आणाच, नाहीतर नवीन नॉझल महिन्यात खराब होतील." नॉझल पिशवीतून बाहेर न काढता चारही गेल्याचं कळणारा माणूस नाशकात दुसरा नसेल.

आणि हे कुठल्या गावात? जिथे सातपूरला मायकोच्या कारखान्यात नॉझल बनतात, जिथे मायको सर्कल म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण गावाच्या तोंडून मायको गेलं नाही. अर्ध्या नाशिकचं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं. माझे साडूही होते. त्यांनीच मला आधी बजावून ठेवलं होतं की स्टुलावर बस, पण टेस्टर डोळ्यांसमोर मारायला लाव.

म्हणून मी उठलोच नाही. चहा आला तोही घेतला नाही. शेवटी साडेचारच्या सुमाराला शेठ पोरावर खेकसले, "मार रे यांचे, एकदाचे."

एकेका नॉझलला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पोराने पहिलं चढवलं, दांडा दाबला. काटा २०० बारच्या पुढे गेला आणि कर्र करून बारीक धुक्यासारखा फवारा सुटला. दुसरं तसंच, चौथं तसंच. मग मी सांगितलं, आता दाब फवाऱ्याच्या थोडा खाली धरून ठेव. नॉझल उघडतं त्याच्या साधारण २० बार खाली दाब धरायचा आणि दहा सेकंद टोकाकडे बघायचं. थेंब जमता कामा नये. तिन्ही कोरडे राहिले. तिसरं चढवलं. आवाज नाही, कर्र नाही, एका बाजूने सरळ धार. दाब धरायच्या आतच टोकाला थेंब धरला, लोंबला, पडला. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. शेठ मात्र कॅल्क्युलेटरकडे.

बिलात "पंप चेकिंग" अशी एक ओळ होती. घरी असलेल्या पंपाचं चेकिंग. ती ओळ खोडून घेतली. एकच नॉझल नवीन घेतलं, पण चारही एकाच दाबाला सेट करून मागितले. तेवढं काम पोराने मन लावून केलं, त्याला पावती. नॉझलची बॉडी आणि आतली सुई जोडीने घासून बसवलेली असते, एकीची सुई दुसरीत चालत नाही, म्हणून जोडी समोरच पॅकिंगमधून काढायला लावा. आणि नॉझलखालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवाच, आतला जुना चिकटून राहिला असेल तर तो काढूनच. दोन वॉशर एकावर एक बसले की नॉझल वर राहतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. हे मी अदलाबदलीच्या वेळीच सांगायला हवं होतं, तेव्हाही वॉशर नवेच लागतात.

घाटाचा प्रश्न मिटला. सकाळचा राहिलाच. शेठच्या म्हणण्याप्रमाणे तो पंपच, पण मिस्तरी म्हणाले एअर धरतेय. आमच्या गाडीची टाकी पंपापेक्षा खाली आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) डिझेल ओढलं जातं, त्यामुळे त्या भागात चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. पाईप कोरडा ठणठणीत, म्हणून कुणालाच संशय येत नाही. रात्रभरात डिझेल टाकीत उतरतं आणि सकाळी पंपापुढे हवा उभी. पंपात उरलेल्या डिझेलवर गाडी सुरू होते, ते संपलं की बंद.

खात्री करायला एका संध्याकाळी टाकीची लाईन सोडली. बॉनेटवर डिझेलचा कॅन बांधला आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला जोडला. हॅन्ड पंप मारून एअर काढली. सकाळी अर्ध्या सेलमध्ये सुरू, आणि नळीत एक बुडबुडा नाही. मग गाडीखाली झोपून टाकीजवळचा रबरी पाईप चाचपला. क्लिपच्या अगदी काठाला, पाईप वाकवल्याशिवाय दिसणार नाही अशी चीर. पाईप, दोन क्लिपा आणि बॅन्जो बोल्टचे (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर, सगळं मिळून त्या आठवड्याच्या भावाने टोमॅटोचे दोन क्रेटसुद्धा झाले नाहीत.

एअर काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हॅन्ड पंप मारा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू कसा. तरी सुरू होत नसेल तर नॉझलकडचे नट ढिले करून सेल मारा आणि डिझेल दिसलं की कसा. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये स्टार्टर थंड होऊ द्या, नाहीतर पुढचं बिल त्याचं येईल.