ऑपरेशनआधीच्या, म्हणजे प्री-ऑपच्या फोनवर मी चक्क खोटं बोलले

मागच्या हिवाळ्यात इथे कॅनडात, मिसिसागात ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरले आणि उजव्या खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे सांधा धरून ठेवणारा स्नायूंचा पट्टा, फाटला. आमच्या ऑन्टारियो प्रांतात ऑपरेशनचा खर्च ओहिप हा सरकारी आरोग्य विमा करतो हे खरं, पण नंबर लागेपर्यंत महिने जातात आणि तोवर ना धड कुशीवर झोपता येतं ना केसांना क्लचर लावता येतो. आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीने पित्त उसळायचं म्हणून फॅमिली डॉक्टरनेच विषय काढला, मेडिकल कॅनाबिस ट्राय करायचं का? म्हणजे आपला गांजाच की, असं मनात म्हटलं आणि गप्प बसले.

तर इकडे २००१ पासून औषध म्हणून कायदेशीर आहे आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून तर मोठ्यांना औषधाशिवायही कायदेशीर आहे. पण औषधाचा मार्ग वेगळा, डॉक्टर एका कागदावर रोज किती ग्रॅम ते लिहून देतात, तो कागद परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवायचा आणि माल पोस्टाने घरी. ओहिप याचे पैसे देत नाही. मला तेल दिलं होतं, त्यात गांजातलं नशा न आणणारं सीबीडी जास्त आणि नशा आणणारं टीएचसी अगदी थोडं, रात्री जिभेखाली. चव म्हणाल तर मशीनने कापलेलं ओलं गवत तेलात बुडवून चाटल्यासारखी.

फायदा झाला का? दुखणं गेलं नाही, पण त्याची चिडचिड कमी झाली आणि सलग चार-पाच तास झोप लागायला लागली, त्यामुळे ऑपरेशनची जी धास्ती रात्री दोनला छातीवर येऊन बसायची ती जरा लांब गेली. आता हे तेलामुळे की तेल घेतलंय या समाधानामुळे, देव जाणे.

मग प्री-ऑप क्लिनिकमधून नर्सचा फोन. ॲलर्जी? सिगरेट? दारू? आणि त्याच सुरात, कॅनाबिस घेता का? माझ्या तोंडून पटकन "नो, नो" निघालं. आमच्या गावी देवळामागे चिलीम ओढत बसणाऱ्यांना गांजेकस म्हणायचे, ते डोक्यात इतकं घट्ट बसलंय की डॉक्टरच्या सहीने घेतलेलं तेलसुद्धा कबूल करवेना.

रात्रभर तळमळले, सकाळी स्वतःच फोन केला. नर्स हसली, म्हणे रोज कोणीतरी असा परत फोन करतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. रोज भरपूर घेणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागू शकतं, ऑपरेशननंतर दुखतंही जास्त, टीएचसीने नाडी वाढते, आणि सीबीडी वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या कामात लुडबुड करतं. अमेरिकेतल्या रीजनल ॲनेस्थेशियावाल्यांच्या संघटनेने २०२३ मध्ये गाइडलाइन काढली, प्रत्येक पेशंटला हे विचाराच, आणि ओढून आला असेल तर तातडीचं नसलेलं ऑपरेशन निदान दोन तास पुढे ढकला. मला सांगितलं, त्या दिवशी थेंबही नको. आणि ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर हे चालतं असा भक्कम पुरावा नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

ते पटलं मला, कारण पहिल्या रात्री मानेजवळ दिलेल्या नर्व्ह ब्लॉकचा, म्हणजे खांदा बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा असर उतरला तेव्हा जो काही ठणका लागला त्यापुढे थेंबबिंब काय करणार, तिथे लिहून दिलेल्या गोळ्या आणि बर्फाची पिशवीच कामाला आली.

तेल परत सुरू केलं आठवड्याने, डॉक्टरला विचारून. गंमत म्हणजे बाटलीचं झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये असं, दाबून फिरवायचं, आणि माझा उजवा हात पट्ट्यात! नवरा ऑफिसला गेलेला, मी सोफ्यावर बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हाताने दाबतेय, आणि लेबलवरचं लाल टीएचसीचं चिन्ह माझ्याकडे बघतंय. नाहीच उघडली. संध्याकाळपर्यंत वाट बघितली.

आईला सांगितलं तेव्हा सांगलीहून पहिला प्रश्न आला, "गांजा? अगं कुणाला बोलू नकोस हं." दोन मिनिटं शांतता. मग हळूच, "गुडघ्याला लावायला चालतं का गं ते? येताना आणशील?"

आई, नाही आणता येणार. कॅनडाच्या बाहेर नेणंच गुन्हा आहे, डॉक्टरचा कागद असला तरी, आणि आपल्याकडे अमली पदार्थांवरचा १९८५ चा एनडीपीएस कायदा बसलाय तो वेगळाच. तुझ्यासाठी नेहमीचे बदाम आणि मेपल सिरप आणते.