ईस्ट लान्सिंगची जिम्नॅस्टिक्स: दहाचे मार्क आणि उघडं दार

इकडे मिशिगनमध्ये जानेवारी लागला की बाहेर करण्यासारखं फारसं काही उरत नाही, त्यामुळे आमचा वीकेंडचा टाइमपास म्हणजे कॉलेजच्या मुलींची जिम्नॅस्टिक्स मीट. आम्ही राहतो ईस्ट लान्सिंगला, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या गावात, आणि मीट असते जेनिसन फील्ड हाऊसमध्ये, १९४० ची जुनी इमारत आहे, मॅजिक जॉन्सन इथेच बास्केटबॉल खेळायचा. आपल्याकडे जिम्नॅस्टिक्स म्हणजे चार वर्षांतून एकदा ऑलिम्पिक, आणि फार तर २०१६ ची ती रात्र, दीपा कर्माकर प्रोदुनोव्हा (हवेत दोन कोलांट्यांची धोक्याची उडी) मारून चौथी आली आणि ब्रॉन्झ ०.१५ ने हुकलं. इथे एप्रिलपर्यंत सीझन चालूच.

मार्कांचं आधी सांगते, कारण सगळी मजा तिथेच आहे. १९७६ ला माँट्रियलमध्ये १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले आणि बोर्डावर १.०० दिसलं (बोर्डाला दहा दाखवताच येत नव्हते), हे आपण शाळेत असल्यापासून ऐकलंय. पण ऑलिम्पिकमधून ते दहा कधीच गेले. २००४ च्या अथेन्सला मार्कांवरून मोठा राडा झाला आणि २००६ पासून अवघडपणाचे मार्क वेगळे, सफाईचे वेगळे, मग बेरीज, त्यामुळे टीव्हीवर १५.७०० वगैरे दिसतं आणि घरच्यांना कळत नाही की हे चांगलं की वाईट. कॉलेजवाल्यांनी मात्र दहा सोडले नाहीत. प्रत्येक ॲपरेटसवर सहा जणी उतरतात, वरचे पाच स्कोअर धरतात, म्हणजे जास्तीत जास्त ५०, आणि व्हॉल्ट (टेबलावरून उडी), बार्स (वरखाली दोन दांड्या), बीम (अरुंद पट्टी), फ्लोअर मिळून २००. १९७ झाले की टीम खूश, १९८ म्हणजे नाचायचंच. उतरताना बारीकशी उडी पडली तर ०.०५ गेले, पडलीच तर ०.५, आणि सहा जणींतली एकच पडली तर चालतं कारण एक स्कोअर तसाही सोडून देतात, दुसरी पडली की कोचचा चेहरा बघायचा. व्हॉल्टमध्ये तर अजून गंमत, युरचेन्को फुल (उलटं जाऊन टेबलावर हात टेकायचे आणि हवेत एक पूर्ण ट्विस्ट) मारलं तर ते सुरूच ९.९५ पासून होतं, कितीही परफेक्ट मारा, दहा मिळणार नाहीत, अर्धा ट्विस्ट वाढवला तरच दहा, पण मग लँडिंग अवघड. ओक्लाहोमा म्हणजे २०२२ आणि २०२३ ची चॅम्पियन, सगळ्यात तगडी टीम, २०२४ च्या सेमीफायनलला व्हॉल्टवरच पडापडी झाली आणि फायनलमध्ये गेलीच नाही! त्या वर्षी एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने, पहिल्यांदा टायटल घेतलं.

अजून एक, घरची टीम नेहमी फ्लोअरवर संपवते आणि पाहुणी टीम बीमवर. म्हणजे शेवटी आपल्या पोरी गाण्यावर नाचतायत, पब्लिक ओरडतंय, आणि त्याच वेळी दुसरीकडे त्या बिचाऱ्या १० सेंटीमीटरच्या पट्टीवर उलट्या उड्या मारतायत. घरच्या मैदानावर जज हात सैल सोडतात अशी तक्रार कायमची आहे, आणि ती खोटी नाही असं माझं मत. म्हणून रँकिंगसाठी सहा चांगले स्कोअर घेतात, त्यातले किमान तीन बाहेरगावचे हवेत, आणि त्यातलाही सगळ्यात मोठा काढून टाकून बाकी पाचांची सरासरी. व्यवस्थित डोकं लावलंय.

या मुली १८ ते २२ च्या, हसतात, एकमेकींच्या स्टेप्स बाजूला उभ्या राहून करतात. यूसीएलए कॉलेजच्या केटलिन ओहाशीचा २०१९ चा तो दहाचा फ्लोअर तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल, तीच ओहाशी २०१३ च्या अमेरिकन कपमध्ये सिमोन बाइल्सच्या पुढे होती, मग दुखापती झाल्या, आणि खेळातला आनंद तिला परत कॉलेजात मिळाला असं ती स्वतःच सांगते.

पण या गावात राहून फक्त मार्कांवर लिहिणं मला जमणार नाही. लॅरी नासर इथलाच. याच युनिव्हर्सिटीचा डॉक्टर, शिवाय अमेरिकेच्या नॅशनल टीमचा डॉक्टर, आणि उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार. तक्रार पहिल्यांदा १९९७ ला इथल्याच एका कोचच्या कानावर गेली होती असं त्या मुलीने पुढे सांगितलं. २०१५ मध्ये नॅशनल टीमच्या मॅगी निकोल्सची तक्रार वर गेली, एफबीआयला कळवलं, आणि एफबीआयने फाईल जवळपास तशीच ठेवली. सरकारच्या स्वतःच्या चौकशी अहवालात आहे की तेव्हापासून २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत ७० किंवा त्याहून जास्त मुलींवर अत्याचार झाल्याचे आरोप आहेत. शेवटी इंडियानापोलिसच्या पेपरने बातमी छापली, त्याच्या अत्याचाराला बळी पडलेली माजी जिम्नॅस्ट रेचल डेनहॉलंडर स्वतःच्या नावानिशी पुढे आली, तेव्हा कुठे हललं. जानेवारी २०१८ मध्ये इथून जवळच, लान्सिंगच्या कोर्टात १५६ जणींची निवेदनं झाली, सात दिवस, आणि शिक्षा ४० ते १७५ वर्षं. युनिव्हर्सिटीने ५० कोटी डॉलर मोजले, युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटला जावं लागलं. कॅम्पसवर झाडांना मोरपंखी रंगाच्या रिबिनी बांधल्या होत्या, शेजारची बाई अजून सांगते.

आणि मला सगळ्यात जास्त काय खटकलं माहितीये? तो माणूस सगळ्यांचा लाडका होता. बाकीचे कोच ओरडायचे, वजनावरून बोलायचे, हा गुपचूप खाऊ द्यायचा, विचारपूस करायचा. आईवडील त्याच खोलीत बसलेले असताना त्याने हे केलंय.

त्यामुळे लेकीला क्लासला घातलं तेव्हा जे नियम मला जरा अतीच वाटायचे ते आता वाटत नाहीत. कोच एकट्या मुलीला मेसेज करू शकत नाही, त्यात आईबाप किंवा दुसरं मोठं माणूस हवंच. एकटीला शिकवायचं तर कोणीही बघू शकेल आणि मध्ये येऊ शकेल अशाच जागी. आणि अत्याचाराचा संशय आला तर २४ तासांत कळवणं २०१८ च्या कायद्याने बंधनकारक. बॅक हँडस्प्रिंगला (मागे झेपावून हातांवरून उलटं फिरणं) आधार द्यायला हात लागणारच, तर कुठे आणि का ते कोच आधी मुलीला सांगते. हे सगळं फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, एवढा संशय? आपले सर तर घरच्यासारखे असतात. अगं हो, पण नियम फक्त वाईट माणसासाठी करायचा म्हटला तर तो कोणालाच लागू होणार नाही, कारण वाईट कोण ते आधी कोणाला माहिती असतं?

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही हं. डेन्व्हरचं सेफस्पोर्ट सेंटर २०१७ ला खेळातल्या अत्याचाराच्या तक्रारी तपासायलाच सुरू झालं, पण केसेस रेंगाळतात, काहीच निर्णय न होता बंद होतात अशी ओरड खेळाडूच करतात. आणि कहर म्हणजे त्यांनी तपासासाठी नेमलेल्या एका माजी पोलिसालाच अटक झाली, मग २०२५ मध्ये सीईओला घरी पाठवलं. म्हणजे राखणदारांवरही कोणीतरी लागतोच.

आपल्याकडे पोक्सो २०१२ पासून आहे, त्यातही माहिती असूनही पोलिसांना न कळवणं गुन्हा आहे, पण मुलाला मल्लखांबाला किंवा स्विमिंगला घालताना फी आणि वेळ सोडून दुसरं काही कोणी विचारतं का? मी दादाला सांगितलं की पुतणीच्या क्लासमध्ये विचार, पालक बसलेले चालतात का. त्याला आधी फार लाज वाटली. शेवटी विचारलं, तर सर म्हणाले, बसा की, फक्त मध्येमध्ये सूचना करू नका, आधीच चार आज्या आहेत.